प्लॉट बघायला जाताय? मग पाणी कुठून निघतं ते आधी बघा

नागपूरच्या आजूबाजूला बेसा, पिपळा, हुडकेश्वर, शंकरपूर, तिकडे जामठ्याच्या पुढेपर्यंत, जिकडे पाहाल तिकडे शेतं तोडून प्लॉटचे ले-आऊट पाडणं चालू आहे, आणि मी ह्याच कामात असल्यामुळे ओळखीतलं कुणी ना कुणी फाईल घेऊन येतंच, की भाऊ जरा पेपर बघून दे नं. सातबारा क्लिअर आहे का, एनए टीपी (बिगरशेती आणि नगररचनेची मंजुरी) झालंय का, आरएल लेटर (प्लॉट अधिकृत असल्याचं पत्र) आहे का, डिमांड नोट (शुल्काची मागणी) भरलीय का, रोड नऊ मीटरचा की बाराचा, प्लॉट पूर्वेकडे तोंड करून आहे का. सगळं विचारतात, आणि बरोबरच आहे, आयुष्यभराची कमाई लावायची असते. पण पावसाचं पाणी ह्या ले-आऊटमधून बाहेर कुठून निघतं हे मला आजवर फार थोड्यांनी विचारलंय. आणि मग तीन-चार वर्षांनी तेच लोक जुलै महिन्यात रात्री फोन करतात की दादा हॉलमध्ये पाणी आलं, काय करू. त्या वेळी सांगण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं हो, म्हणून आज सगळं एकदा लिहून काढतोय, जरा लांबेल, पण वाचा.

माझं म्हणणं एकच आहे. शेताच्या नकाशावर प्लॉटच्या रेघा मारायच्या आधी पाण्याची वाट ठरली पाहिजे, आणि ती वाट लेव्हलसकट, म्हणजे कुठली जागा किती उंच आणि किती खाली ह्यासकट, कागदावर दिसली पाहिजे. आपल्याकडे आधी प्लॉट पडतात, जास्तीत जास्त किती बसतील ते बघून, मग रोड, मग उरलंसुरलं कोपऱ्यातलं वाकडंतिकडं ओपन स्पेस म्हणून सोडतात, आणि सगळ्यात शेवटी कुणाला तरी आठवतं की अरे नाली दाखवायची राहिली. मग रोडच्या कडेनं दोन समांतर रेघा ओढतात. त्या रेघा जाऊन कुठं पडतात, हे बऱ्याच नकाशांत दिसतच नाही, ले-आऊटच्या हद्दीवर येऊन त्या संपतात. पाणी काही हद्दीवर संपत नाही.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. घरोघरी महालक्ष्म्या बसलेल्या, आदल्याच दिवशी जेवणावळी झालेल्या, पाहुणे मुक्कामाला, आणि मध्यरात्रीनंतर जो पाऊस लागला तो साधारण चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला. अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदी काठ सोडून वस्तीत शिरली, अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, खाली सीताबर्डीपर्यंत, मोरभवनला तर बसेस पाण्यात उभ्या. एनडीआरएफ आलं, आर्मी आली. माणसं गेली त्यात. आता तेवढा पाऊस एवढ्या कमी वेळात पडला तर शहर कसंही असतं तरी पाणी भरलंच असतं, हे मला मान्य आहे. पण किती भरलं आणि किती झपाट्यानं भरलं, हे मात्र आपण वर काय बांधून ठेवलंय ह्यावर ठरतं. अंबाझरी १८७० चा तलाव. तेव्हा त्याच्या वरच्या अंगाला शेतं आणि झुडपी जंगल होतं, आज वाडी आणि हिंगणा एमआयडीसीचा पसारा आहे. तलाव तोच, सांडवा तिथंच, पण त्याच्याकडे येणारं पाणी आता तेव्हासारखं रेंगाळत येत नाही.

हे आकड्यात बघितलं की डोळे उघडतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका स्क्वेअर मीटरवर एक लिटर पाणी, एवढं पाठ करून ठेवा, बाकी सगळं त्यातून निघतं. एक एकर म्हणजे ४,०४७ स्क्वेअर मीटर. शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर एका एकरावर चार लाख लिटर पाणी पडलं, पाच हजार लिटरचे ऐंशी टँकर. आणि हा एक एकर झाला फक्त, आपल्याकडे दहा-पंधरा एकरांचे ले-आऊट सर्रास पडतात.

पण एकूण पाणी किती ह्यापेक्षा ते किती वेगानं बाहेर येतं हे जास्त महत्त्वाचं आहे. समजा तासाला ६० मिलिमीटरच्या जोराचा पाऊस आहे, पंधरा-वीस मिनिटांसाठी असा जोर आपल्या इकडे सहज येतो. तेच एकरभर शेत असेल, बांध शाबूत, जमीन नांगरलेली, तर साधारण तीस टक्के पाणी वाहून जाईल असं धरतात, म्हणजे सेकंदाला वीस लिटर. (ऑगस्टमध्ये काळी माती पूर्ण भिजलेली असली की हा आकडा वाढतो, पण तरी बांध असतात, सरी असतात, पाणी थांबत थांबत जातं.) त्याच एकरावर सिमेंट रोड, स्लॅब, अंगणात फरशी, गेटपर्यंत पेव्हर ब्लॉक झाले की नव्वद टक्के पाणी वाहतं, म्हणजे सेकंदाला साठ लिटर. तिप्पट. पाऊस तोच, जमीन तीच, नाला पण तोच. खाली ज्याचं घर आहे त्यानं काहीच केलेलं नाही आणि त्याच्या दारात तिप्पट पाणी आलं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या शहरी पुराबद्दलच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर हा गुणांक (पडलेल्या पाण्यापैकी वाहून जाणारा हिस्सा) डिझाइन करताना ०.९५ पर्यंत धरा असं म्हटलंय, म्हणजे पडलेलं जवळपास सगळं पाणी वाहणारच आहे असं समजूनच नाल्या बांधा. मी अजूनही असे ड्रेनेजचे हिशोब बघतो ज्यात शेतजमिनीचा गुणांक धरून नालीची साईज काढलेली असते, कारण साईट व्हिजिटच्या दिवशी तिथं शेत होतं. हे बघून खरंच राग येतो.

आता नियमांचं. लोक म्हणतात नियमच नाहीत, तसं नाही. राज्यात डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर, म्हणजे बांधकाम-विकासाची एकत्रित नियमावली, लागू आहे, मुंबई आणि काही मोजके भाग सोडून सगळीकडे, नागपुरात पण तेच, मग परवानगी महानगरपालिकेची असो, नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास) असो की एनएमआरडीएची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). त्यात ५०० स्क्वेअर मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवर नवीन बांधकामाला रेन वॉटर हार्वेस्टिंग, म्हणजे पावसाचं पाणी साठवायची किंवा जिरवायची सोय, करणं बंधनकारक आहे, ले-आऊटच्या ओपन स्पेसलाही आहे. केलं नाही किंवा करून चालू ठेवलं नाही तर दर १०० स्क्वेअर मीटर बांधकामामागे वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकारणी करता येते. पाणी जिरवायचा खड्डा कसा भरायचा ते सुद्धा लिहून दिलंय, खाली अर्ध्या खोलीपर्यंत ४० एमएम गिट्टी, त्यावर २० टक्के २० एमएम गिट्टी, त्यावर २० टक्के जाड रेती, वर बारीक रेतीचा पातळ थर, आणि सगळ्यात वरची १० टक्के जागा रिकामी. म्हणजे नियम करणाऱ्यानं विचार केलेला आहे.

अडचण पुढे आहे. समजा ५०० स्क्वेअर मीटरचा प्लॉट, त्यावर ३०० स्क्वेअर मीटरचा स्लॅब, आणि कोपऱ्यात सव्वा मीटर बाय सव्वा मीटर, तीन मीटर खोल खड्डा. आकारमान साडेचार घनमीटरच्या आसपास, पण त्यात गिट्टी-रेती भरलीय, पाण्याला जागा फक्त मधल्या फटींत, म्हणजे दीड-पावणेदोन हजार लिटर. ६० मिलिमीटरच्या जोरात त्या स्लॅबवरून मिनिटाला ३०० लिटर पाणी उतरतं. पाच-सहा मिनिटांत खड्डा भरला. त्यानंतर पुढचा अर्धा तास, एक तास, जे पाणी येतंय ते कुठं जाईल? ते ओव्हरफ्लो होऊन गेटमधून रोडवर. खड्डा करूच नका असं मी अजिबात म्हणत नाही, उलट बारीक, रिमझिम पावसाचं भरपूर पाणी तो जिरवतो आणि वर्षाच्या एकूण पावसात असे दिवस खूप असतात, विहिरींना बोअरला त्याचा फायदा होतोच. पण जोराच्या पावसात पूर अडवायचं काम तो एकटा करू शकत नाही, आणि आपल्याकडे हार्वेस्टिंगचा टिक लागला की पावसाच्या पाण्याचा विषय फाईलमधून संपतो.

आणि जिरणार तरी कुठं, हा नागपूरचा आपला वेगळा प्रश्न. शहराच्या पश्चिमेला बेसॉल्ट आहे, दख्खनचा काळा दगड, आणि पूर्वेकडे गेलं की नाईस नावाचा जुना खडक लागतो. वर्धा रोड, हिंगणा, बेसा ह्या पट्ट्यात वर काळी माती, कुठं तीन फूट, कुठं सात-आठ. काळी माती भिजली की फुगते आणि तिच्यातून पाणी खाली जायला तयारच होत नाही. त्यामुळे खड्डा काळ्या मातीत संपला तर ती नुसती टाकी झाली, तो मुरमापर्यंत, फुटक्या दगडापर्यंत गेलाच पाहिजे. आधी एक छोटा चाचणीचा खड्डा घ्या, पाणी ओता, किती वेळात उतरतं ते घड्याळ लावून बघा, सकाळी सुरू केलं तर दुपारी कळतं. ठेकेदाराला सांगितलं की तो म्हणतो साहेब ड्रॉइंगमध्ये तीन मीटर आहे, तीन मीटर खणलं. ड्रॉइंग पुण्यातल्या प्लॉटचं असतं बऱ्याचदा, नाव तेवढं बदललेलं.

मागच्या उन्हाळ्यात एका सोसायटीत बोलावलं होतं, पार्किंगमध्ये दरवर्षी पाणी साचतं म्हणून. हार्वेस्टिंगचं झाकण उचलायला लावलं. वरती टाइल्सचे तुकडे, पेंटचे दोन रिकामे डबे, त्याखाली पीओपीचा पांढरा थर वाळून पापडी धरलेला, आणि तो खरवडला तर खाली रेती सिमेंटच्या पाण्यानं अशी आवळून गेलेली की सळईनं टोचल्यावर टण्ण वाजली. म्हणजे बांधकाम चालू असताना मिस्त्री लोकांनी घमेली, थापी, मिक्सर सगळं ह्याच खड्ड्याजवळ धुतलं, आणि ते पाणी आत गेलं. एक थेंब जिरायची सोय राहिली नव्हती. तळमजल्यावरच्या काकू शेजारी उभ्या होत्या, म्हणाल्या, "अहो पण आम्हाला ताबा देताना ह्याचा फोटो दाखवला होता हो, नवीन गिट्टी दिसत होती." फोटो खोटा नसेलही. खड्डा आधी झाला आणि फिनिशिंग नंतर झालं, मधल्या काळात त्याला कुणी प्लास्टिक टाकून झाकलं नाही, एवढंच. सगळी गिट्टी-रेती काढून धुऊन परत भरावी लागली त्यांना, वर्गणी काढून.

बांधकामाच्या काळात साईटवरून जे वाहून जातं त्याकडे तर कुणी बघतच नाही. रोडवर रेतीचा ढीग, मुरमाचा ढीग, पायाची माती काढून नालीच्या काठावर टाकलेली. मृगाच्या पहिल्या दोन पावसांत ती सगळी नालीत. मग महापालिका मे महिन्यात नाले साफ करते आणि जूनच्या शेवटी ते पुन्हा अर्धे भरलेले, कारण वर तीन साईट चालू आहेत. २०१६ च्या बांधकाम कचऱ्याच्या नियमांत स्वच्छ म्हटलं होतं की ज्याचा कचरा आहे त्यानं तो रहदारीला, लोकांना किंवा नाल्यांना अडथळा होईल असा टाकायचा नाही. ह्यासाठी काही मोठी मशिनरी लागत नाही. मातीचा ढीग चढाच्या बाजूला ठेवा, त्याच्या खालच्या अंगाला रेतीच्या पोत्यांची एक ओळ लावा, साईटचं पाणी बाहेर पडतं तिथं एक खड्डा खणून आधी गाळ त्यात बसू द्या, आणि गाड्या बाहेर निघतात त्या तोंडाशी दहा-बारा फूट मोठी गिट्टी अंथरा म्हणजे टायरचा चिखल रोडवर येत नाही. दोन पोरं एका दिवसात करतात हे काम. पण जो करतो त्याला सगळे हसतात, आणि जो करत नाही त्याची नाली दुसऱ्याच्या दारात तुंबते.

नाल्यांबद्दल नियम काय म्हणतो ते पण माहीत असू द्या. विकास आराखड्यात किंवा गावनकाशात नाला दाखवलेला असेल तर त्याच्या काठापासून ठरावीक अंतर सोडावं लागतं, नदी असेल तर जास्त. सखल जमिनीतून धड काठ नसलेला छोटा नाला जात असेल तर त्याच जमिनीत तो वळवायची, बांधून घ्यायची परवानगी मिळू शकते, पण अट अशी की पाणी जिथून आत येतं आणि जिथून बाहेर जातं ती जागा बदलायची नाही. आणि मोठ्या नदीला निळी रेषा, लाल रेषा असते, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही. आता घोळ होतो तो छोट्या नाल्यांत, जे गावनकाशात एका बारीक तुटक रेघेनं दाखवलेले असतात किंवा दाखवलेलेच नसतात, उन्हाळ्यात कोरडे असतात, पोकलेन लावून मुरूम टाकला की अर्ध्या दिवसात सपाट. किंवा नाला ठेवतात, पण मधे ह्यूम पाईप (सिमेंटचा गोल पाईप) टाकून वरून रोड नेतात, आणि पाईप मिळाला त्या साईजचा टाकतात. वरून येणारा नाला दोन मीटर रुंद आणि पाईप सहाशे एमएमचा, त्यात एक झुडूप येऊन अडकलं की संपलं.

उमरेड रोडच्या बाजूला एका जागेची लेव्हल घ्यायला गेलो होतो, बारा एकराच्या आसपास शेत होतं, विकलेलं, प्लॉटिंग व्हायचं होतं. शेजारच्या धुऱ्यावर एक म्हातारे काका बसले होते, त्यांचंच वावर लागून. मी ऑटो लेव्हल (जमिनीची उंची मोजायचं यंत्र) लावतोय तर बघत होते, मग उठून आले. म्हणाले, "साहेब, इथं बोडी होती बरं. आमचे ढोरं इथंच पानी पेत. मग यायनं बुजवली." बोडी म्हणजे छोटं तळं. मी विचारलं कुठवर होती. त्यांनी काठीनं दाखवलं, "त्या बाभळीपासून इकडं. माती काळी दिसून राह्यली नं, बाकीकडं भुरकी हाये? तेवढ्यात पानी उभं राह्यते. आन वरचं सारं पानी येते ते त्या पांधनीनं." आम्ही नंतर कंटूर (समान उंचीच्या रेषा) काढले तर बोडीची जागा आजूबाजूपेक्षा दोन-सव्वादोन फूट खाली निघाली, आणि पाणी खरोखर पांधण रस्त्यानंच उतरत होतं, वरच्या पंधरा-वीस एकरांचं. नकाशात त्या जागेवर आठ प्लॉट होते. मालकाला समजावलं, आढेवेढे घेतले त्यांनी खूप, आठ प्लॉट म्हणजे पैसा होता सरळ, पण शेवटी ओपन स्पेस कोपऱ्यातून उचलून बोडीवर आणला आणि प्लॉट तिकडे सरकवले. प्लॉटची संख्या फक्त दोननं कमी झाली. मला ह्या कामाचा आजही आनंद आहे. आणि प्रत्येक जागेच्या शेजारी असा एक काका बसलेला असतो, त्याला विचारायला काही पैसे पडत नाहीत. मारबतीच्या दिवशी आपण ओरडतो नं, ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत, तसं हे पाणी कुणी येऊन घेऊन जाणार नाही, त्याला जायची वाट आपणच ठेवायची आहे.

४,००० स्क्वेअर मीटर आणि त्यावरच्या जागेत १० टक्के ओपन स्पेस द्यावाच लागतो. म्हणजे जागा आहे, ती फक्त योग्य ठिकाणी पाहिजे. वर हिशोब केला होता की शेतातून सेकंदाला वीस लिटर येत होतं आणि आता साठ येतं. मधले चाळीस लिटर अर्धा तास अडवून धरायचे म्हटलं तर ७२ हजार लिटर होतात, म्हणजे ७२ घनमीटर. बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि एक मीटर खोल अशी जागा. एकरामागे ओपन स्पेस चारशे स्क्वेअर मीटर मिळतो, त्याचा पाचवा हिस्सा सुद्धा लागत नाही. आणि त्याला विहिरीसारखी उभी भिंत लागत नाही, उताराच्या कडा ठेवून गवत लावा, पोरं वर्षातले अकरा महिने तिथं क्रिकेट खेळतील, जोराच्या पावसात तेवढा वेळ पाणी थांबेल आणि खालच्या बाजूला बसवलेल्या छोट्या पाईपातून सावकाश निघून जाईल. पाईप मुद्दाम छोटा ठेवायचा, तिथंच सगळी गंमत आहे. नागपूरच्या जुन्या लोकांना हे शिकवायची गरज नव्हती, अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, सक्करदरा, शुक्रवारी, नाईक तलाव, लेंडी तलाव, एवढ्याशा गावात त्यांनी पाणी थांबायला किती जागा करून ठेवल्या होत्या. त्यातले काही आता नुसते नावाला उरलेत.

सिमेंट रोडवर तर स्वतंत्र लिहावं लागेल. डांबरी रोड उकरून न काढता त्याच्यावरच जाड सिमेंटचा थर टाकला की रोड वर आणि घरं खाली. वीस वर्षांपूर्वी ज्यानं रोडपेक्षा दोन फूट उंच प्लिंथ (घराचं जोतं) घेतली तो आज रोडच्या बरोबरीला आलाय. नियमात प्लिंथची उंची आजूबाजूच्या जमिनीवरून मोजतात, पण रोडच उद्या वर जाणार असेल तर ती मोजून काय फायदा. मग नवीन बांधणारा चार फूट भराव टाकतो, त्याचं पाणी शेजारच्या जुन्या घरात, मग शेजारी कंपाउंडची भिंत उंच करतो, आणि गल्लीत वाद सुरू. ले-आऊटमध्ये रोडची पक्की लेव्हल आधीच ठरवून एका दगडावर कोरून ठेवली पाहिजे असं माझं मत आहे, पुढे कुणीही रोड केला तरी त्याच्या वर जायचं नाही, खालचं खरवडून काढा आणि मग टाका.

गडर लाईनचं, म्हणजे सांडपाण्याच्या लाईनचं, एक सांगतो, कारण हे आपल्या हातातलं आहे. गच्चीचा पाईप गडरच्या चेंबरला जोडू नका. बरेच लोक जोडतात, अंगणात पाणी नको म्हणून. हिशोब असा बघा, माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरून गडरलाईन डिझाइन होते, पाच जणांचं घर म्हणजे ६७५ लिटर, ते सुद्धा दिवसभरात थोडं थोडं येणारं. १०० स्क्वेअर मीटरची गच्ची जोराच्या पावसात तेवढं पाणी सात मिनिटांत देते. गल्लीतल्या वीस घरांनी गच्ची जोडली तर ती लाईन काय करणार, सगळ्यात खालच्या घराच्या बाथरूममधून उलटी येणार, मैल्यासकट. आणि त्या घरात बहुतेक वेळा कुणीतरी म्हातारं माणूस तळमजल्याला राहत असतं कारण त्यांना जिना चढवत नाही. पावसाची नाली वेगळी, गडर वेगळी, हे नियमातही आहे आणि साध्या माणुसकीचं पण आहे.

१९०० आणि ५७२ ले-आऊटवाल्यांची, म्हणजे नागपुरातल्या परवानगीशिवाय पडलेल्या जुन्या ले-आऊटच्या दोन गटांची, गोष्ट थोडी वेगळी आहे. गुंठेवारीच्या २००१ च्या कायद्याखाली ते नियमित झाले, प्लॉट आधीच विकलेले, घरं आधीच बांधलेली, त्यामुळे तिथं पाण्याची वाट मागाहून शोधावी लागते आणि ते फार अवघड आणि महागाचं काम आहे. तिथल्या लोकांना दोष देऊ नका, त्यांना त्या वेळी जे परवडलं ते त्यांनी घेतलं. पण आज नवीन पडणाऱ्या ले-आऊटला हे कारण चालणार नाही. तिथं महारेराला (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) प्रोजेक्ट रजिस्टर होतो, मंजूर नकाशा वेबसाईटवर टाकावा लागतो, २०,००० स्क्वेअर मीटरच्या वर बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी पण लागते आणि त्यात पावसाच्या पाण्याचा आराखडा द्यावा लागतो. केंद्राचं २०१९ चं पावसाळी निचऱ्याचं मॅन्युअल आहे, त्यात पद्धत दिलेली आहे सगळी. म्हणजे कागद मागितला तर द्यायला पाहिजे त्यांच्याकडे.

तेव्हा मागा. प्लॉट दाखवणाऱ्याला सरळ विचारा की दादा, ह्या ले-आऊटची नाली शेवटी कुठं पडते, मला तिथं घेऊन चला. गाडीवर बसून तिथवर जा. नाली दुसऱ्याच्या शेतात सोडून दिलेली असेल तर तो शेतकरी उद्या त्याचं वावर विकणार आहे आणि तिथं भिंत उभी राहणार आहे, हे लक्षात घ्या. नाल्यात पडत असेल तर नाल्याचा तळ नालीच्या तळापेक्षा खाली आहे का ते बघा, नाहीतर नाला भरला की त्याचंच पाणी उलटं तुमच्या नालीतून वर येतं. गुगल अर्थवर जुन्या वर्षांचे फोटो बघता येतात, दहा-बारा वर्षं मागं जाऊन पावसाळ्यानंतरचा फोटो शोधून बघा, हिरवा पट्टा वळत वळत गेलेला दिसला तर ती पाण्याची वाट आहे, आणि त्यावर आपला प्लॉट येतो का ते ताडून घ्या. गावनकाशा भूमी अभिलेखमधून मिळतो. एजंट लोक प्लॉट दाखवायला फेब्रुवारी-मार्चमध्ये बोलावतात, तुम्ही बयाणा देण्याआधी जुलै-ऑगस्टमध्ये एकदा जा, मोठा पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी. कंपाउंडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर चिखलाची रेघ किती उंचीवर आहे ती बघा, ती कुणी पुसलेली नसते.

आणि ज्यांना एवढं शक्य आहे त्यांनी लेव्हल करून घ्या. रोडच्या मध्यावरची, प्लॉटच्या चारही कोपऱ्यांची, शेजारच्या दोन्ही प्लॉटची, आणि नाली जिथं संपते तिथल्या तळाची. ऑटो लेव्हल घेऊन येणारा माणूस अर्ध्या दिवसात हे करून देतो, प्लॉटच्या किमतीपुढे त्याची फी म्हणजे काहीच नाही. शेवटची लेव्हल प्लॉटपेक्षा वर निघाली, तर आरएल असो, रोड बारा मीटरचा असो, तो प्लॉट घेऊ नका.